धूर दिसला त्याचा वाटा

दादांनी माझ्या हातात आगटी दिली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. त्याआधी कितीतरी हिवाळे मी नुसत्या गोवऱ्या वाहिल्या, कणसं तोडून आणली आणि सूप पाखडलं. हुरडा भाजणं हे काय शिकायचं काम आहे, असं शहरातल्या माणसाला वाटतं. आहे ते शिकायचं काम.

आगटी म्हणजे जमिनीत खोदलेला वीतभर खोल खड्डा. शेताच्या मोकळ्या कोपऱ्यात, वारा पाठीकडून येईल अशा जागी. त्यात गोवऱ्या उभ्या रचायच्या आणि मधे हवा खेळायला जागा ठेवायची. हातानं थापलेल्या गोवरीपेक्षा रानात पडल्या जागी वाळलेली रानगोवरी बरी. ती हळू जळते आणि तिचा आर बराच वेळ टिकतो. जाळ निघतोय तोवर कणसाला हात लावायचा नाही. जाळावर धरलेलं कणीस वरून काळं होतं आणि आत दाणा कच्चा राहतो. जाळ बसला, गोवरीवर पांढरी राख धरली, की दांडा हातात धरून कणसं इंगळावर लावायची आणि फिरवत राहायचं. पहिल्यांदा ओल्या गवतासारखा वास येतो. मग तो बदलत बदलत गोडसर होतो. तसा झाला की कणीस बाहेर काढून गरम असतानाच तळहातावर चोळायचं. हात पोळतो, पण थंड झालेल्या कणसाचा दाणा कुसातून सुटत नाही. चोळलेलं सुपात घेऊन पाखडलं की कोंडा उडून जातो आणि खाली हिरवे मऊ दाणे राहतात. त्यावर जवसाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, जमलं तर दही. एवढंच.

दादा शेजारी उकिडवे बसायचे आणि माझ्या हाताकडं बघायचे. घाई केली की म्हणायचे, "इस्तवाला घाई नाही, तुला कामून हाय?"

आमचं रान खुलताबादच्या अलीकडं, वेरूळला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला. रब्बीत आम्ही मालदांडी पेरायचो, ती वर्षाच्या भाकरीची. कडेच्या चार-दोन तासांत हुरड्यासाठी गुळभेंडी नाहीतर सुरती. या ज्वारीचा दाणा गोड आणि चोळला की पटकन सुटतो. आता राहुरीच्या कृषी विद्यापीठानं फुले उत्तरा, फुले मधुर आणि परभणीच्या विद्यापीठानं परभणी वसंत असे खास हुरड्याचे वाण काढलेत. आमच्या लहानपणी वाण म्हणजे मायनं गाडग्यात राख घालून ठेवलेलं बी.

हुरड्याची एक गोष्ट समजून घ्यावी लागते. दाणा नखानं दाबला तर नुसतं दूध यायला नको आणि पीठही यायला नको. मधली अवस्था पाहिजे. ती एका रानात आठ-दहा दिवस टिकते. त्यानंतर दाण्यातल्या साखरेचं पीठ व्हायला लागतं, गोडी जाते आणि ती ज्वारी भाकरीची होते. सकाळी तोडलेलं कणीससुद्धा संध्याकाळपर्यंत तेवढं गोड राहत नाही. म्हणजे हुरडा कणगीत भरून ठेवता येत नाही, पोत्यात शिवता येत नाही. त्यातून आगटी एकदा नीट धरली की तिच्या इंगळावर एका घराला खाऊन संपणार नाही एवढं भाजून होतं. एकट्यासाठी कोणी आगटी पेटवत नाही.

उघड्यावर भाजून खायच्या बहुतेक रीती अशाच आहेत. रायगडकडं मडक्यात वालाच्या शेंगा भरून, भांबुर्ड्याचा पाला लावून पोपटी लावतात, ती अख्ख्या आळीची असते. खानदेशात पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत करतात, ते पाटी-पाटीनं. विदर्भात गोवऱ्यांच्या इंगळात रोडगे भाजतात, ते पंगतीला. बार्बेक्यू म्हणून जो शब्द आता आपल्याकडंही आलाय, तो मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या काठ्यांच्या मांडवाचं नाव होतं, स्पेनच्या लोकांनी तो उचलला. तिथंही तो मांडव एका माणसाच्या जेवणासाठी नक्कीच बांधत नसतील.

दादांचा एक नियम होता. तो त्यांचा एकट्याचा नव्हता, त्या काळच्या पुष्कळ शेतकऱ्यांचा होता. ते म्हणायचे, "धूर दिसला त्याचा वाटा." आगटीचा धूर ज्याला दिसला आणि जो त्या दिशेनं चालत आला, त्याला हुरडा द्यायचा. मेंढरं घेऊन चाललेला धनगर असो, वेरूळला पायी निघालेला कोणी असो, की गावातलं कोणी मुद्दाम वाट वाकडी करून आलेलं असो. ये म्हणायचं नाही, कारण बोलावणं धुरानं दिलेलं असतं. आणि आभार मानायची पद्धत नव्हती. वाटा म्हणजे हक्काचा, त्याचे आभार कसले?

मला या नियमाचा फार अभिमान होता. आयुष्यभर मी तो सांगत आलो. या लेखात मला त्या अभिमानाचा हिशेब करायचा आहे.

*

१९७२ ला मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते आता म्हातारे झाले. खरीप गेलं, रब्बीचं बियाणं टाकायला ओल नव्हती. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची, परदेशातून आलेली. तिची भाकरी थापता थापता तुटायची. लेकरांना सुकडी मिळायची.

आमच्या विहिरीत तळाला थोडं पाणी होतं. दिवसभरात एक-दोन मोटा निघायच्या, मग झरा भरायची वाट बघायची. दादांनी थारोळ्याजवळ अडीच-तीन गुंठे गुळभेंडी टोकली होती. बी जगावं म्हणून. पौषात ती हुरड्याला आली. आजूबाजूच्या काळ्या उघड्या रानात तेवढाच एक हिरवा तुकडा. मी गोफण घेऊन दिवसभर तिथं बसायचो. पाखरंसुद्धा त्या वर्षी हट्टानं यायची.

माय म्हणाली, "लेकरांला एक दिवस तरी पोटभर भाजून घाला." दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. तेव्हा दादा म्हणाले, "आगटी पेटवली तर गाव येईल." माय म्हणाली, "मग रातच्याला पेटवा. रातच्याला धूर कोनाला दिसतोय?"

आणि दादांनी रात्री आगटी पेटवली. थारोळ्याच्या आडोशाला, नेहमीपेक्षा खोल खड्डा करून, जाळ दिसू नये म्हणून. आम्ही चार भावंडं घोंगडीत बसलो होतो. कोणी मोठ्यानं बोलायचं नाही असं मायनं सांगितलं होतं. मी आयुष्यात इतका गोड हुरडा खाल्ला नाही. आणि दादांनी त्या रात्री एक दाणा तोंडात टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मायबरोबर खडीवर गेलो होतो. तिथं आमच्या गल्लीतली एक म्हातारी होती, एकटी राहायची. ती हातोडा बाजूला ठेवून मायला म्हणाली, "काल रातच्याला हुरड्याचा वास आला गं माय. लई दिवसांनी झोप लागली."

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच बरं वाटलं होतं, ते ती सांगत होती. मायनं मान वर केली नाही. घरी आल्यावर तिनं हे दादांना सांगितलं. कशाला सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही. ती गप्प राहिली असती तर पुढं काही घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दादांनी भर दुपारी उघड्या रानात आगटी पेटवली. मुद्दाम ओली गोवरी टाकली, धूर व्हावा म्हणून. गाव आलं. सगळं गाव नाही म्हणता येणार, पण ज्यांना चालवत होतं ते आले. तीन गुंठ्यांत किती कणसं निघणार? एकेकाच्या वाट्याला मूठ-दीड मूठ आली. संध्याकाळी तुकड्यात नुसती ताटं उभी होती. बियाला ठेवलेली दहा-बारा कणसं तेवढी दादांनी वाचवली.

माय चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाली, "गावाचा वाटा धरला. लेकरांचा वाटा कोन धरनार?"

या प्रश्नाचं उत्तर मी पन्नास वर्षं शोधतोय. ज्याच्या घरात चार लेकरं उपाशी आहेत त्यानं शेवटचं धान्य गावाला वाटावं का? मूठभर हुरड्यानं गावाचं काही भागलं नाही. आमची मात्र दहा-पंधरा दिवसांची सोय गेली. हिशेबानं माय बरोबर होती. पण दादांना मी ओळखत होतो. त्यांना हुरडा वाटायचा होता असं नाही, त्यांना चोरून खाल्लेला हुरडा सहन झाला नाही. आपल्याच रानातलं, आपण पिकवलेलं, आणि ते खाताना लेकरांना हळू बोला म्हणून सांगावं लागतं, हे त्यांना लागलं. मला वाटायचं, आई-बापांपैकी एकाला निवडायचं झालं तर मी दादांना निवडीन. तसं मी कितीदा बोलूनही दाखवलं. मायच्या समोरसुद्धा.

*

दादा गेले. मी दहावीनंतर रानातच राहिलो. विहिरीला मोटार बसली, कपाशी आली, मका आला, आणि ज्वारी कडेकडेला सरकत गेली. भाव नाही आणि कापायला, मोडायला माणूस नाही. पोरगा म्हणाला, "आण्णा, ज्वारी परवडत नाही, पण हुरडा परवडतो." दौलताबाद, खुलताबादच्या रस्त्याला लोकांनी हुरडा पार्ट्या सुरू केल्या होत्या. शहरातून लोक मोटारी घेऊन यायचे. आम्हीही २०११ च्या हिवाळ्यात सुरू केलं. पहिल्या वर्षी माणशी शंभर रुपये. आता साडेतीनशे. त्यात हुरडा, हावळा, बोरं, ऊस, ताक, दुपारी पिठलं-भाकरी, बैलगाडीची एक फेरी. रविवारी शंभर-सव्वाशे माणूस होतं. दीड महिन्याच्या या धंद्यावर आमच्या घरातलं एक लग्न झालं आणि सोसायटीचं कर्ज फिटलं. त्याची मला लाज नाही. ज्या ज्वारीनं पोट भरत नव्हतं ती या पार्ट्यांमुळं रानात टिकली, हेही खरं आहे.

पण तिकीट आलं म्हणजे कुंपण आलं. पोरानं तारेचं कुंपण केलं, फाटक बसवलं. धूर पहिल्यासारखाच वर जायचा, दोन-दोन मैलांवरून दिसायचा. वाटा मात्र आता फाटकावर ठरायचा.

अशाच एका रविवारी तारेजवळ दोन लेकरं येऊन उभी राहिली. शेजारच्या रानात कांद्याच्या लावणीला मजूर आले होते, त्यांची. मोठी पोरगी आठ-नऊ वर्षांची, कडेवर धाकटं. काही मागत नव्हती, नुसती बघत होती. मी आगटीवर होतो. आत माणसं होती, कोणी फोटो काढत होतं, कोणी चटणी मागत होतं. पोरगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आण्णा, गिऱ्हाईक आहेत." त्याचं बोलणं मला कळलं. मी ओंजळभर हुरडा वर्तमानपत्रात बांधला, तारेवरून तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "जा बाई, तिकडं जाऊन खा."

ती गेली. मी पुन्हा कणसं लावायला लागलो.

रात्री झोप येईना. दिलं तर होतं मी, दोन माणसांच्या तिकिटाएवढं दिलं होतं. मग काय टोचतंय? बायको म्हणाली, "आता काय सगळ्या गावाला फुकट घालता का?" मी म्हणालो, "दादांनी घातलं असतं." पहाटेपर्यंत मी मनाशी पक्कं केलं की या तिकिटानं, या पैशानं आपल्याला बिघडवलं. दादांच्या काळी वाटा होता, आता भाव आहे. जुनं चांगलं होतं. माझ्या वयाच्या माणसाला हे वाक्य फार लवकर सापडतं.

*

पुढच्या हिवाळ्यात माझा शाळेतला एक मित्र आला. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. तो गावाबाहेरच्या वस्तीतला, तिला तेव्हा महारवाडा म्हणायचे, आता भीमनगर. त्याच्या घरचे १९५६ नंतर बौद्ध झाले होते, पण गावाच्या बांधांना त्याची खबर लागली नव्हती. तो पुढं शहरात शिकला, बाबासाहेबांनी काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात. बँकेत लागला आणि साहेब होऊन निवृत्त झाला. लेक, जावई, नातवंडं घेऊन आला होता. फाटकावर सगळ्यांचं तिकीट काढून आत आला. मला माहीतही नव्हतं. आगटीसमोर पोत्यावर मांडी घालून बसलेला दिसला तेव्हा ओळखलं.

खूप बोललो. मास्तर आठवले, छडी आठवली. त्याच्या नातीला मी कणीस चोळायला शिकवलं. निघताना मी पोराला म्हणालो, "काकांचे पैसे परत दे." तो म्हणाला, "राहू दे." मी म्हणालो, "अरे, तुझ्याकडून कसले पैसे घ्यायचे?"

तो हसला. मग त्यानं मला जरा बाजूला नेलं आणि म्हणाला, "तुझ्या रानात बांधाच्या अलीकडं बसून हुरडा खायची ही माझी पहिली वेळ. हे पैसे मी त्या जागेचे दिलेत. ते परत केलेस तर मी पुन्हा पलीकडं जाईन."

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. मी म्हणालो, "काहीतरीच काय बोलतोस. बहात्तरच्या दुष्काळात दादांनी भर दुपारी आगटी पेटवली होती, आठवतं का? तुम्ही सगळे आला होता."

"आठवतं तर," तो म्हणाला. "माझी आई मरेपर्यंत तुझ्या वडिलांचं नाव काढायची. त्या दिवसात कोणी दिलं नाही, ते त्यांनी दिलं. पण आम्ही कुठं बसलो होतो, ते तुला आठवतं का?"

मी आठवायला लागलो. मला धूर आठवत होता. दादांच्या हातातली कणसं आठवत होती. कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेली माय आठवत होती. ती वास येऊन झोपलेली म्हातारी आठवत होती, ती आगटीला अगदी चिकटून बसली होती. हा कुठं होता? माझ्याच बाकावर बसणारा, माझ्याच वयाचा पोरगा. मला तो त्या दिवशी दिसतच नव्हता.

त्यानंच सांगितलं. "बांधाच्या पलीकडं. लिंबाखाली. सगळ्यांचं झाल्यावर तुझे वडील सूप घेऊन बांधापर्यंत आले. आईनं पदर पसरला. त्यांनी वरूनच सूप उलटं केलं. थोडा हुरडा खाली मातीत सांडला, तो मी आणि बहिणीनं वेचला."

तो रागानं बोलत नव्हता. बँकेतला माणूस हिशेब समजावून सांगतो तसं सांगत होता. नात हाका मारायला लागली, तसा तो गेला. पैसे मी ठेवून घेतले.

*

त्यानंतर बरेच दिवस माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. दादा वाईट होते असं मला आजही वाटत नाही. तीन गुंठ्यांतला शेवटचा हुरडा गावाला वाटणारा माणूस वाईट कसा असेल? पण त्याच माणसाच्या हातातलं सूप बांधाशी आल्यावर वर उचललं गेलं. दुष्काळानं त्यांच्याकडून सगळं घेतलं, ती सहा इंचांची उंची घेतली नाही. आणि मी, त्यांचा मुलगा, त्या नियमाची गोष्ट चाळीस वर्षं गावोगाव सांगत फिरलो आणि त्या गोष्टीत बांध कधी आलाच नाही. मला तो दिसला नाही, कारण मी अलीकडं बसलो होतो.

मग तारेवरून दिलेली ती पुडी आठवली. "जा बाई, तिकडं जाऊन खा."

मी समजत होतो की तिकिटानं मला बिघडवलं. ते अर्धंच खरं होतं. तार नवी होती, पण तारेवरून देणारा हात माझ्या घरातलाच जुना होता. दादांनी बांधावरून दिलं, मी तारेवरून दिलं. दोघांनीही दिलं, हे खरं. दोघांनीही आगटीजवळ बसवलं नाही, हेही खरं.

आणि ज्या तिकिटाला मी शिव्या देत होतो त्यानं माझ्या मित्राला न विचारता आगटीसमोर बसवलं. तिकीट जात विचारत नाही. साडेतीनशे रुपये विचारतं. ज्याच्याकडं ते आहेत तो आला, बसला, चटणी मागून घेतली. ज्याच्याकडं नाहीत त्याला मात्र तिकीटही बांधासारखंच. एक कुंपण पडलं आणि दुसरं उभं राहिलं, आणि दोन्ही कुंपणांच्या आत मी होतो.

अन्न एकाकडून दुसऱ्याकडं जायच्या मला तीन वाटा दिसतात. एक विकत, एक दान, एक वाटा. विकतात देणाराघेणारा दोघं सारखे, पण पैसा असेल तरच. दानात पैसा लागत नाही, पण देणारा उभा असतो आणि घेणारा हात वर करून. वाटा म्हणजे दोघं एका आगटीशी बसलेले, दोघांच्या हाताला सारखीच काजळी. दादा ज्याला वाटा म्हणायचे तो आमच्यापुरता वाटा होता, बांधापलीकडच्यांसाठी ते दान होतं. शब्द एकच होता म्हणून फरक झाकला गेला. हुरडा किती दिला यावर ते ठरत नाही. बसायला जागा कुठं दिली यावर ठरतं.

मायचा प्रश्नही मला आता वेगळा ऐकू येतो. "लेकरांचा वाटा कोन धरनार" म्हणणाऱ्या बाईला मी मनातल्या मनात स्वार्थी ठरवून टाकलं होतं. घरातल्या भुकेचा हिशेब ती एकटी ठेवत होती. दादांचं मोठेपण तिच्या चुलीतून जात होतं आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. तीही त्या दिवशी आगटीपासून लांब, तोंड फिरवून बसली होती. तिचीही माफी मागायची राहून गेली.

*

गेल्या दोन हिवाळ्यांपासून आम्ही पहिल्या आगटीचं तिकीट लावत नाही. हुरडा धरला की पहिला दिवस फाटक उघडं. पोरानं आधी कुरकुर केली. मी म्हणालो, "एका दिवसाचं नुकसान माझ्या खर्चाला लाव." आजूबाजूच्या रानातल्या मजुरांना आदल्या दिवशी जाऊन सांगून आलो. नुसत्या धुरावर भरवसा ठेवला नाही. धूर दिसला तरी सगळ्यांना ते बोलावणं वाटत नाही, हे मला उशिरा कळलं.

पहिल्या वर्षी ते आले. दहा-बारा बाया, पाच-सहा गडी, लेकरं. फाटकातून आत आले आणि आगटीपासून वीस-पंचवीस पावलांवर, बांधाच्या कडेनं ओळीत बसले. मी म्हणालो, "इकडं या, इथं बसा." कोणी उठेना. एक म्हातारी म्हणाली, "इथंच बरं हाय, मालक." मी दोनदा म्हणालो, तिसऱ्यांदा म्हणायला जीभ उचलेना. जे त्यांच्या अंगात भरलंय ते माझ्या एका "या"नं कसं निघणार? आणि भरलं ते आमच्यासारख्यांनीच.

मग मी कुदळ घेतली. ते बसले होते तिथंच, बांधाला लागून खड्डा खोदला. पोरगा बघत होता. तो काही न बोलता घमेलं घेऊन आला, पहिल्या आगटीतले इंगळ त्यात भरले आणि इकडं आणून टाकले. सुनेनं चटणीची परात उचलून आणली. आमच्या घरची सगळी माणसं उठून तिकडं जाऊन बसली. मी नव्या गोवऱ्या रचल्या. वारा आडवा होता, जागा चुकीची होती. दादा असते तर म्हणाले असते, आगटी अशी लावतात का? धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता. तो सगळ्यांना सारखाच झोंबत होता.

एक बाई पुढं सरकली, माझ्या हातातलं कणीस घेतलं आणि म्हणाली, "मालक, तुम्ही जाळात धरायलात. थोडं दम धरा." मग तिनंच भाजायला घेतलं. मी तिच्या बाजूला बसून चोळत राहिलो.

वर्षातला एक दिवस. बाकीचे चाळीस दिवस फाटकावर तिकीट आहे आणि तार जागच्या जागी आहे. त्या एका दिवसानं काही फिटलं असं मी म्हणणार नाही. माझ्या मित्राला मी हे फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "आणि बांध?"

मी म्हणालो, "बांध आहे तिथंच आहे. आगटी त्याच्यापर्यंत नेली."

"पुढच्या वर्षी येतो," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी."

गुळभेंडी आता गुडघ्याला आली आहे. रानगोवऱ्या मी आत्तापासून वेचून ठेवतोय.